फुकटचा सल्ला

चकाचकला गाडी चालवायला त्याच्या मामानेच शिकवलं होतं. अठरा वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात मामाने त्याला शेजारी बसवून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं, क्लच म्हणजे काय ते सांगितलं, आणि महिनाभर रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर त्याच्या चुका सोसल्या. भाचा हुशार होता. गाडी शिकला, गाड्यांतले लोक शिकला, आणि पस्तिशीच्या आत मोठ्या चौकाजवळ जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं आवार टाकून बसला. तीसचाळीस गाड्या उन्हात आरशासारख्या उभ्या असत. कुठल्याही गाडीपाशी थांबून विचारा, उत्तर एकच: "एकदम चकाचक!" त्यावरून त्याला ते नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडलं. फलकावर लिहून घेतलं त्याने.

मामा चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. या शहरात, जिथे रिक्षा कुठून घुसेल आणि माणूस कुठून उतरेल याचा देवालाही पत्ता नसतो, तिथे चाळीस वर्षांत त्याच्या गाडीला एक ओरखडा नाही. घराजवळच्या टॅक्सी स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला 'बिनओरखडे' म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. "बिनओरखडे कुठले तुम्ही?" असं कोणी विचारलं की सगळा स्टँड हसायचा आणि तो मात्र मान खाली घालून फडक्याने काच पुसत राहायचा. पण आतून फुलायचा. माणसाजवळ एखादीच गोष्ट असते, तशी त्याच्याजवळ ती होती.

निवृत्त झाल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गाडी घ्यायची ठरवली. अर्थातच भाच्याकडून. बरोबर त्याची मुलगी होती. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन दूर गेलेली, आई वारलेली, आणि सदतीस वर्षांची ही धाकटी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवण अंगठ्याखालून गेली की कुठला टाका सुटलाय ते न बघता सांगायची.

आवारात त्या दिवशी चकाचकची आई, म्हणजे धाकटीची आत्याही होती. राखाडी रंगाची एक छोटी गाडी मामासमोर आणली गेली. मामा सवयीने गाडीखाली बघायला वाकला. डॉक्टरांसाठी गाडी घेताना तो अर्धा दिवस गाडीखालीच असायचा.

"मामा," चकाचक दुखावल्या आवाजात म्हणाला, "भाच्याच्या गाडीखाली वाकून बघणार तुम्ही? माझ्यावर विश्वास नाही?"

मामाने बहिणीकडे बघितलं. बहीण जमिनीकडे बघत होती. मामा अर्ध्यावरून उठला, गुडघे झटकले आणि हसून म्हणाला, "सवय रे, दुसरं काही नाही."

धाकटीला ते उठणं पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

गाडी घेतल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी रेल्वेपुलाच्या उतारावर मामाने ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबला, काही नाही. खाली सिग्नलला शाळेच्या दोन बस उभ्या होत्या. मामाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पाडली, मग पहिल्या, हँडब्रेक ओढला, आणि तरीही ती थांबेना तेव्हा मुद्दाम पुलाच्या कठड्याला घासत घासत नेली. कठड्याच्या शेवटी असलेल्या खांबावर ती थांबली. बसमधल्या एकाही मुलाला काही झालं नाही. मामाच्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

चकाचक हॉस्पिटलात सगळ्यांच्या आधी पोचला. डोळ्यांत पाणी, हातात फळांची पिशवी. पोलिसांना त्यानेच सांगितलं, "वय झालंय हो. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला. कितीदा म्हटलं, मामा, आता नका चालवू." नातेवाइकांना तेच सांगितलं. स्टँडवर जाऊन, न विचारता, तेच सांगितलं. आणि चौथ्या दिवशी मोडकी गाडी उचलून भंगारात घातली. "मामांच्या डोळ्यांसमोर नको ती," म्हणाला. किती कळवळा! पोलिसांच्या कागदावर नोंद झाली: चालकाची चूक.

मामा तीन महिन्यांनी काठी घेऊन उभा राहिला. सुरुवातीला तो ठामपणे सांगायचा, "मी ब्रेकच दाबला होता." मग कमी सांगायला लागला. मग एका दुपारी धाकटी त्याच्या पायाला तेल लावत असताना त्याने विचारलं, "खरंच ॲक्सिलरेटर दाबला असेल का गं मी?"

तिचा हात थांबला.

"नाही म्हणजे, माणसाला कळत नाही कधीकधी," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "सगळेच म्हणतायत. चूक झाली असेल. त्या बसमध्ये मुलं होती."

हाड मोडलं ते डॉक्टरांनी जोडलं. पण हे जे मोडलं होतं ते कुठल्या प्लास्टरमध्ये घालायचं? तो स्टँडवर जायचा बंद झाला. खिडकीत बसायचा तोही रस्त्याकडे पाठ करून.

त्याच आठवड्यात धाकटी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे मामाचा जुना दोस्त. चौकामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं आणि अपघातानंतर गाडी आधी त्याच्याकडेच ओढून आणली होती. तिने सरळ विचारलं, "काका, तुम्ही ती गाडी खालून बघितली होती का?"

मिस्त्रीने हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "बघितली होती."

"मग?"

"ब्रेकचे दोन्ही पाइप गंजून कागदासारखे झाले होते. एक आधीपासून गळत असणार, दुसरा त्या दिवशी फुटला. आणि त्यावर ताजा काळा रंग मारलेला. गाडीच्या सगळ्या बुडाला नाही, नेमका त्या पाइपांवर. ज्याने मारला त्याला माहीत होतं तो काय झाकतोय."

"आणि तुम्ही पाच महिने गप्प बसलात?"

"माझी निम्मी कामं त्याच्याकडून येतात, पोरी." मिस्त्रीने वर बघितलं नाही. "आणि आता बोलून काय? गाडी कुठाय? भंगारात. पुरावा कुठाय? माझ्या डोळ्यांत."

ती घरी आली आणि वडिलांना सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मिस्त्री भला माणूस आहे. माझं मन राखायला बोलतोय." झालं. स्वतः देव येऊन बोलला असता तरी तो म्हणाला असता, देव भला आहे, मन राखतोय.

त्या दिवशी धाकटीला कळलं की हे खोटं ज्याने घातलं त्यालाच काढायला लावलं पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हाताने ते निघणार नाही. आणि चकाचकसारखा माणूस विनवण्यांनी किंवा रडण्याने तोंड उघडणार नाही. त्याला दुखतं ते एकाच ठिकाणी, त्या आवारात.

ती पुन्हा मिस्त्रीकडे गेली. "पोलिसांकडे येऊ नका," म्हणाली, "पण मला शिकवा."

चार महिने ती कारखान्यातून सुटली की गॅरेजमध्ये जायची. बुडालेली गाडी कशी ओळखायची, ठोकलेली कशी, दोन गाड्यांची एक केलेली कशी. मिस्त्री सांगे आणि तिचा अंगठा लक्षात ठेवी. पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं की मूळचा सांधा आणि भरलेला सांधा यांतला फरक तिला आठवड्याभरात कळायला लागला. "कापडापेक्षा सोपं आहे," ती म्हणाली. मिस्त्रीला थोडी भीतीच वाटली तिची. शिकताना ती एकदाही हसली नाही.

मग एका रविवारी सकाळी साडेनऊला ती घडीची खुर्ची घेऊन चकाचकच्या आवारासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बसली. रविवार हा तिच्या सुट्टीचा आणि त्याच्या धंद्याचा दिवस.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवीन लग्न झालेलं जोडपं. रस्ता ओलांडायला थांबले होते, नजर लाल गाडीवर.

"गाडी बघायला निघालात?" धाकटीने विचारलं.

"हो," नवरा म्हणाला. "ती लाल."

"छान आहे. एकच करा. पट्टा असतो ना सीटचा, तो जेवढा वापरतात तेवढाच नका ओढू. शेवटपर्यंत ओढा, अगदी पूर्ण. आणि वास घ्या."

"पट्ट्याचा वास?" बायको हसली.

"गाडी धुता येते, सीट बदलता येते, पट्टा शेवटपर्यंत ओढून कोणी धूत नाही. फुकटचा सल्ला आहे, नाही घेतला तरी चालेल."

दहा मिनिटांनी ती दोघं बाहेर आली. बायकोच्या बोटांना वाळलेला गाळ लागला होता. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची सरळ रेघ होती, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी. नवरा धाकटीकडे असा बघत होता जणू तिने त्याला विहिरीच्या काठावरून मागे ओढलं होतं.

"आणखी काय बघायचं असतं?" बायकोने विचारलं.

धाकटीने सांगितलं. बॉनेटला आधी हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलीय, थंड असताना ती कशी खोकते ते तुम्हाला कळू नये म्हणून. पेडलचं रबर बघा. किलोमीटरचा काटा म्हणतो वीस हजार आणि रबर झिजून गुळगुळीत, तर काटा खोटं बोलतोय, रबर नाही. दरवाज्याच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. पाना लागल्याच्या खुणा असतील तर दरवाजा काढलाय, आणि दरवाजा कोणी हौस म्हणून काढत नाही. फ्रिजला लावतात ते लोहचुंबक घेऊन जा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टीची लांबी भरलीय. आणि शेवटी, गाडी चालू करून ब्रेक जोरात दाबा आणि साठ आकडे मोजा. पेडल एवढंसं जरी खाली जायला लागलं, तर उठा आणि चालायला लागा.

"आणि खालून वाकून बघा," ती म्हणाली. "तो म्हणेल, विश्वास नाही का? म्हणा, नाही."

चकाचक तिसऱ्या रविवारी फाटकाबाहेर आला. तोपर्यंत त्याला वाटत होतं की ही कोणाची तरी वाट बघत बसते.

"काय चाललंय हे?"

"बसलेय."

"माझ्या आवारासमोर?"

"फुटपाथ कधी घेतलास तू? फुटपाथपण चकाचक आहे का?"

"धाकटे, आपण एका घरातले आहोत."

"म्हणून तर दुसऱ्या कोणाच्या आवारासमोर नाही बसले."

मी तुझ्या गाड्यांबद्दल एक वाईट शब्द बोलत नाही, असंही तिने सांगितलं, आणि ते खरं होतं. ती फक्त कुठे बघायचं ते सांगायची. काय दिसायचं ते चकाचकने आधीच करून ठेवलेलं होतं.

त्याने हवालदार पाठवला. हवालदार दंडुका आपटत आला, "बाई, इथे बसता येणार नाही," म्हणाला. धाकटीने विचारलं, कोणत्या नियमाने? हवालदाराने डोकं खाजवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ते ब्रेकचं काय असतं? मेहुण्याने एक गाडी बघितलीय..." अर्धा तास उभा राहून सगळं ऐकून गेला.

त्याने फाटकावर कर्णा लावला आणि मोठ्याने गाणी लावली. धाकटीने मग सगळं कागदावर लिहून आणलं. कारखान्यातल्या बायकांनी त्या कागदाचे फोटो काढले, नवऱ्यांना पाठवले, भावांना पाठवले. महिन्याभरात 'गाडी घेण्याआधी बघायच्या अकरा गोष्टी' शहरभर फिरत होत्या. आता दुसऱ्या व्यापाऱ्यांकडेही लोक लोहचुंबक घेऊन जायला लागले. ते चिडून चकाचकला फोन करू लागले. "तुझ्या घरचं भांडण आमच्या गळ्यात कशाला? मिटव ते." गाड्यांच्या बाजारात ज्याच्याशी कोणी देवघेव करत नाही त्याचं आवार म्हणजे नुसतं वाहनतळ. चकाचकच्या आवारातल्या गाड्यांवर धूळ बसायला लागली. रविवारी फाटकावर उभा राहून तो रस्त्यापलीकडे बघायचा, आणि पलीकडून ती त्याच्याकडे बघायची. तिला आवडायचं ते. खोटं कशाला बोला, सोमवारी कारखान्यात जाताना ती रविवार मोजायची.

एके दिवशी आत्या घरी आली. येताच रडायला लागली.

"दादा, तुझ्या लेकीला आवर. माझ्या पोराच्या पोटावर पाय देतेय ती. घरातलं भांडण रस्त्यावर मांडलंय."

मामाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, रविवारी ती मैत्रिणीकडे जाते. त्याने धाकटीकडे बघितलं. "काय करतेस तू?"

"लोकांना ब्रेक तपासायला सांगते," धाकटी म्हणाली.

आत्या म्हणाली, "चूक दादाच्या हातून झाली, शिक्षा माझ्या पोराला का?"

धाकटीने आत्याकडे वळून बघितलं. "आत्या, त्या दिवशी बाबा वाकले तेव्हा तू जमिनीकडे का बघत होतीस?"

आत्याचं रडणं एकदम थांबलं. तिने पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि जिन्यावरून तिच्या उतरण्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू आला. म्हातारीसारखा. त्या क्षणी धाकटीला तिची कीव आली होती. थोडीच.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत चकाचक कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. पहिल्यांदाच त्याच्या बुटांवर धूळ होती.

"मामाला नवीकोरी गाडी देतो," तो म्हणाला. "कंपनीतून काढलेली. माझ्या आवारातली नाही."

"गाडी नको."

"मग काय पाहिजे तुला?"

"घरी ये आणि बाबांना सांग. पाइपांवर रंग कोणी मारला ते. तुझ्या तोंडाने."

त्याने मान वळवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"सांगितलं की थांबशील?"

"आधी सांग."

त्याने ते 'हो' असं ऐकलं. सौदे करताना न दिलेला शब्द दिल्यासारखा तो नेहमी दुसऱ्याला ऐकवायचा, आज तसाच तो त्याने स्वतःला ऐकवला, आणि धाकटीने त्याला ऐकू दिलं.

रविवारी दुपारी चकाचक आला. आत्याही होती, ती दाराशीच बसली. मामा खिडकीपाशी, काठी मांडीवर आडवी. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मामा," चकाचक म्हणाला, "गाडीचे ब्रेक खराब होते."

"म्हणजे?"

"पाइप गंजले होते. बदलायचे राहून गेले."

"राहून गेले की रंगवले?" धाकटी म्हणाली.

चकाचकने आईकडे बघितलं, मग फरशीकडे. "रंगवले. मीच सांगितलं होतं रंगवायला. वाटलं, सहा महिने जातील. मामा हळू चालवतात."

मामाने विचारलं, "मी वाकलो होतो तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि हॉस्पिटलात? पोलिसांना सांगितलंस तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

मामाने चपलेतला उजवा पाय हळूच उचलला आणि फरशीवर दाबला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. मग मांडी धरून तो एका श्वासात म्हणाला, "दाबला होता. मी ब्रेकच दाबला होता." त्याचा चेहरा असा झाला की धाकटीने दुसरीकडे बघितलं. वर्षभरानंतर तो माणूस स्वतःच्या अंगात परत आल्यासारखा दिसत होता, आणि आल्याआल्या त्याला दिसलं होतं, आपल्याला तिथून कोणी बाहेर काढलं होतं ते.

"माफ करा मामा," चकाचक म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

"थांब," मामा म्हणाला. "उठ. चप्पल घाल. स्टँडवर चल."

"स्टँडवर कशाला?"

"तू तिथे जाऊनच सांगितलं होतंस ना? माझं नाव चार भिंतींत गेलं नाही, चौकात गेलं. चार भिंतींत परत कसं येईल?"

धाकटी वडिलांकडे बघतच राहिली. तिने हे मागितलं नव्हतं. हे मागायचं तिला सुचलंही नव्हतं. तिला वाटायचं, राग तिच्या एकटीचा आहे, बाबा गरीब स्वभावाचे. पण चाळीस वर्षं जो दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट देत आला, त्याला स्वतःची वाट कुठली हे चांगलंच ठाऊक होतं.

"दादा, पुरे झालं रे," आत्या म्हणाली.

"तू घरी जा," मामा बहिणीला म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

तीन जिने मामा काठी टेकत उतरला, मागोमाग धाकटी. चकाचकने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. स्टँडवर दुपारच्या वेळी दहाबारा ड्रायव्हर होते. कोणी डबा खात, कोणी गाडीच्या सावलीत पाय पसरून. बिनओरखड्यांना वर्षाने येताना बघून दोघेतिघे उठून उभे राहिले.

"याला काहीतरी सांगायचंय," मामा म्हणाला.

चकाचकने सांगितलं. आधी इतक्या हळू की मागच्याने ओरडून विचारलं, "काय? ऐकू येत नाही!" मग त्याला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. पाइप, रंग, पोलीस, सगळं. कपाळावरचा घाम तो पुसत होता, पण घाम काही थांबत नव्हता.

सांगून झाल्यावर कोणी शिवी दिली नाही. तेच वाईट होतं. एक जाडसर ड्रायव्हर डबा बंद करत उठला आणि म्हणाला, "माझ्या जावयाला दोन महिन्यांपूर्वी तू निळी गाडी दिलीस. तिच्या पाइपांचं काय?"

"ती चांगली आहे," चकाचक घाईने म्हणाला. "एकदम..." आणि गप्प झाला.

"चल, बघू या," ड्रायव्हर म्हणाला. दुसरा उठला, त्याच्या पुतण्याने घेतली होती. तिसऱ्याच्या मालकाने. मिस्त्रीला कोणीतरी बोलावून आणलं. मिस्त्रीने एकदा धाकटीकडे बघितलं आणि या वेळी न विचारताच बोलायला लागला.

परतताना चकाचकने धाकटीला जिन्याच्या तोंडाशी गाठलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"केलं सगळं. आता तू रविवारी येणार नाहीस ना?"

"असं मी कधी म्हटलं?"

"पण... तू म्हणालीस, आधी सांग."

"हो. सांगितलंस. बरं झालं." ती जिना चढायला लागली. मग एका पायरीवर थांबून म्हणाली, "तू राखाडी गाडीचे दोन पाइप रंगवलेस. बाकीच्या किती गाड्यांचे रंगवलेस ते मला माहीत नाही. ते कळेपर्यंत येईन म्हणते."

ती आणखी सात महिने गेली. ऊन असलं की छत्री लावून, सर्दी असली की गळ्याला रुमाल बांधून. लोक म्हणाले, आता पुरे, माफी मागितली त्याने. माफी मागणं त्याचं काम होतं, ती म्हणायची, माझं काम वेगळं आहे. हे चांगलं की वाईट, यावर तिने विचार केला नाही असं नाही. केला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली. जावयाची निळी गाडी, पुतण्याची पांढरी, मालकाची मोठी, एकेक परत येऊन फाटकात उभी राहिली, मालकांसकट. आठव्या महिन्यात आवाराचा फलक उतरला. आता तिथे फरशीचं दुकान आहे. चकाचक दुसऱ्या कोणाच्या तरी गोदामात कामाला लागला, असं आत्याच्या शेजारणीने सांगितलं. आत्या येत नाही. मामा तिच्याबद्दल विचारत नाही, पण तिचा फोन नंबर त्याने पुसलेला नाही, हे धाकटीने बघितलंय.

गंमत म्हणजे, गाडीचा प्रत्येक बोल्ट ओळखणाऱ्या धाकटीला गाडी चालवता येत नव्हती. मिस्त्रीने शोधून दिलेली एक जुनी, प्रामाणिक गाडी त्यांनी घेतली. मामा तिच्याखाली पाऊण तास आडवा होता. मांडीमुळे त्याला चालवता येत नाही, पण शेजारी बसता येतं.

"उभ्या गाड्यांच्या खालून बघ, पाय दिसतात का," तो सांगतो. "पाय दिसले की माणूस निघणार. बसच्या बाजूने जाताना ती हलायला लागेपर्यंत धीर धर. वाहनाचं चाक बघ, चालवणाऱ्याचा चेहरा नाही, चेहरा फसवतो. हॉर्न म्हणजे शिवी नाही, नुसतं 'मी आहे' एवढंच. आणि कोणी घाई केली तर त्याला जाऊ दे. त्याचं तो बघेल."

मागच्या शनिवारी बाजारपेठेच्या सिग्नलला ते उभे होते. बसथांब्यावर, रांगेच्या शेवटी, चकाचक उभा होता. अंगावर गोदामाचा निळा शर्ट, हातात डब्याची पिशवी. केस पांढरे झाले होते. त्यालाही ते दोघं दिसले. त्याने नजर वळवली नाही. एक हात थोडासा वर गेला आणि तिथेच राहिला.

"बघितलंस?" मामाने विचारलं.

"बघितला."

"त्याच्या घरावरूनच चाललोय आपण."

"माहितीये."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. धाकटीने क्लच सोडला, कुठेही धक्का न बसता, आणि गाडी निघाली. मामाने मान वळवून मागे बघितलं, बराच वेळ. मग पुन्हा समोर बघत म्हणाला, "पुढे रस्ता खोदलाय. डावीकडून घे."